तापसह चकती-स्प्रिंग आणि आपली भट्टी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून आजवर विद्वानांनी, वकिलांनी व वैद्यांनी आपणांस चार शब्द सांगितले. यंदा आम्हां कारखानदारांस पाचारण झाले, त्यात आमचा गौरव आहे असा आमचा समज नाही. गेल्या सर्वसाधारण सभेत एका वडील सभासदांनी आमच्या कारखान्यासंबंधी एक प्रश्न विचारला होता. त्याचे उत्तर तेव्हा दोन वाक्यांत देता आले नाही. ते आज सविस्तर द्यावे अशी अध्यक्षमहाराजांची आज्ञा झाली, म्हणून आम्ही आपणांपुढे उभे आहोत.

प्रश्न असा होता : "मंडळाच्या पतपेढीने तुम्हांस भट्टीसाठी कर्ज दिले. त्या भट्टीतून निघालेला माल तपासणीत चांगला ठरला असे तुम्हीच सांगता. मग तो तुम्ही मोडीत का घातला, आणि पतपेढीचे दोन हप्ते का थकविले?"

ज्यांच्या ठेवींतून ते कर्ज दिले गेले ती कुटुंबे आज येथे बसली आहेत. हा जाब विचारण्याचा त्यांचा अधिकार पूर्ण आहे. परंतु उत्तर पटावयाचे तर तो माल काय होता, तो कोठे बसतो आणि त्याने काय करावयाचे असते, हे आधी समजून घेतले पाहिजे. भगिनीवर्गाने व मुलांनी कंटाळू नये. यात गणित थोडे आहे, आणि पुष्कळसा भाग आपल्या घरचाच आहे.

पातळ धातूच्या चकतीला मधोमध वाटोळे भोक पाडावे आणि ती चकती उथळ बशीसारखी किंचित उंचवावी, की चकती-स्प्रिंग तयार झाली. वरून दाबली असता ती चपटी होऊ पाहते, आणि सोडली की पुन्हा मूळ उंचीस येते. ज्युलियन बेलेव्हिल नावाच्या फ्रेंच गृहस्थांनी १८६७ साली तिचे पेटंट घेतले, म्हणून बाजारात तिला बेलेव्हिल वॉशर असेही म्हणतात. ती किती दाबली असता किती जोर देईल याचा हिशेब आल्मेन व लास्लो या दोघांनी १९३६ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. आजही आकडेमोड त्याच सूत्राने होते.

आमच्या कारखान्यात जी चकती होते ती बाहेरून सुमारे ५१ मिलिमीटर रुंद आणि ०.६ मिलिमीटर जाड असते. बशीचा उंचवटा ०.९ मिलिमीटर. हातात घेतली तर मुलाच्या खेळण्यातील वस्तू वाटावी. तिचे काम मात्र खेळण्याचे नाही. विमानातील लहान टर्बाइने, सहायक ऊर्जायंत्रे, जनित्रे, पंप व दिशादर्शक गायरोस्कोप यांच्या बेअरिंगांना ती सतत दाबून धरते. या दाबून धरण्याला आम्ही पूर्वभार म्हणतो. म्हणजे यंत्राचा खरा भार येण्यापूर्वीच बेअरिंगवर मुद्दाम ठेवलेला भार.

पूर्वभार ही कल्पना परकी आहे असे कोणी समजू नये. आपल्या समाजातील सुतार व लोहार यांनी मिळून पिढ्यान्‌पिढ्या बैलगाडीची चाके बांधली. सुताराने तुंबा, आरे व लाकडी घेर जुळवून दिला, की लोहार लोखंडी धाव आगीत लाल करीत असे. धाव मुद्दाम घेरापेक्षा किंचित लहान केलेली असे. तापल्यावर ती फुगे, चाकावर चढे, आणि वरून पाणी ओतले की आक्रसून सगळे सांधे आवळून धरी. गाडीत पोते पडण्यापूर्वीच चाक दाबाखाली असे, आणि म्हणूनच ते खड्ड्यांतून खिळखिळे न होता जाई. उन्हाळ्यात लाकूड वाळले की धाव सैल पडे. मग गाडीवान गाडी ओढ्याच्या पाण्यातून नेई किंवा चाक भिजत घाली. ज्येष्ठांपैकी अनेकांनी हे डोळ्यांनी पाहिले असेल. आवळलेपण कशासाठी असते आणि उष्णतेने ते कसे जाते, या दोन्ही गोष्टी आपल्या वाडवडिलांना पुस्तकावाचून ठाऊक होत्या.

आता बेअरिंगकडे येऊ. दोन कड्यांच्या मध्ये पोलादी गोळ्या असतात व त्यांच्यावर दांडा फिरतो. आत जर अगदी सूक्ष्म ढिलेपणा राहिला, तर दांडा थरथरतो आणि कंपने वाढतात. त्याहून वाईट गोष्ट वेगाने होते. दांडा मिनिटास हजारो फेरे घेऊ लागला आणि गोळ्यांवर पुरेसा भार नसला, की गोळ्या लोळावयाच्या सोडून घसरू लागतात. घसरणे म्हणजे घासणे. घासल्याने तेलाचा थर फाटतो आणि पृष्ठभाग खरवडला जातो. उलटपक्षी दाब फाजील झाला, तर बेअरिंग स्वतःच्याच उष्णतेने तापते व लवकर झिजते. म्हणून दाब हवा, पण मोजका हवा. मोठ्या जेट इंजिनाच्या मुख्य दांड्यावर वायूंच्या रेट्यामुळे भार आपोआप येतो, आणि तो कधी नाहीसा होऊ नये अशी योजना अभियंते करतात. लहान यंत्रांत तो पुष्कळदा स्प्रिंगने द्यावा लागतो.

यंत्र तापले की दांडा लांबतो. २०० मिलिमीटर लांबीचा पोलादी दांडा भोवतालच्या घरापेक्षा १०० अंशांनी अधिक तापला, तर तो सुमारे पाव मिलिमीटर अधिक वाढतो. बेअरिंगे नुसती घट्ट आवळून ठेवली असती, तर या पाव मिलिमीटरने दाब भलताच वाढला असता किंवा साफ गेला असता. मध्ये स्प्रिंग असली म्हणजे ती वाढ ती पोटात घेते. साध्या प्रमाणशीर स्प्रिंगेत मात्र दाबणी वाढेल तसा जोरही वाढतो. आमच्या मापांचा हिशेब केला, तर साध्या स्प्रिंगेचा जोर त्या पाव मिलिमीटरने दीडपटीहून वर जातो. चकतीची खुबी येथे आहे. बशीचा उंचवटा जाडीच्या सुमारे दीडपट ठेवला, तर विशिष्ट पट्ट्यात ती कितीही कमीअधिक दाबा, जोर जवळजवळ तितकाच राहतो. तोच पाव मिलिमीटर तिच्या बाबतीत दहा-बारा टक्क्यांहून अधिक फरक पाडीत नाही. घरात माणसे आली-गेली तरी ज्या गृहिणीच्या ताटात कमीजास्त होत नाही, तिच्यासारखी ही चकती आहे, असे आमच्या मातोश्री म्हणत.

एवढ्यावर काम झाले असते, तर चांगल्या स्प्रिंग-पोलादाची चकती पुरली असती. अडचण उष्णतेची आहे. बाजेची नवार नवी असताना ताठ असते. रोज भार सोसून ती हळूहळू झोळ धरते. तुटत नाही, फाटत नाही, पण सैल पडते. दाबून ठेवलेल्या स्प्रिंगेचेही उष्णतेत तेच होते. तिची उंची बदलू दिली नाही तरी आतला ताण थोडा थोडा विरत जातो आणि एके दिवशी ती जागेवर असूनही दाबीत नाही. नेहमीचे क्रोम-व्हॅनेडियम पोलाद सुमारे २०० अंशांपर्यंत विश्वासास पात्र असते. त्यापुढे ते असेच झोळ धरते.

कोणी म्हणेल, इंजिनात तेलाचा प्रवाह असतो, तो बेअरिंग थंड ठेवतो. खरे आहे. पण इंजिन बंद झाले की तेलही थांबते, आणि टर्बाइनच्या तापलेल्या अंगातील धग दांड्यावाटे बेअरिंगपर्यंत उतरते. चूल विझवल्यानंतर तवा बराच वेळ हाताला चटका देतो, तसेच हे. विमान धावपट्टीवर शांत उभे असते तेव्हा आतली चकती कधी कधी उड्डाणातल्याहून अधिक तापलेली असते. बैलगाडीचे चाक ओढ्यात घालता येत होते. येथे पाणी ओतावयास कोणी जाऊ शकत नाही.

म्हणून निकेलच्या मिश्रधातूंचा आश्रय घ्यावा लागतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडात फ्रँक व्हिटल यांच्या जेट इंजिनासाठी निमोनिक नावाच्या मिश्रधातू पुढे आल्या. त्यांच्या इंजिनाचे विमान १५ मे १९४१ रोजी प्रथम उडाले. पुढे अमेरिकेत इंटरनॅशनल निकेल कंपनीचे धातुतज्ज्ञ हर्बर्ट आयसेलस्टाइन यांनी जी मिश्रधातू सिद्ध केली, तिला इन्कोनेल ७१८ म्हणतात. तिचे पेटंट १९६२ सालचे आहे. तिच्यात निकेल ५० ते ५५ टक्के, क्रोमियम १७ ते २१ टक्के, नायोबियम सुमारे ५ टक्के, मॉलिब्डेनम सुमारे ३ टक्के, थोडे टायटॅनियम व ॲल्युमिनियम, आणि उरलेला बहुतेक भाग लोखंडाचा असतो. या धातूची स्प्रिंग सुमारे ६०० अंशांपर्यंत आपला जोर राखते. द्रव ऑक्सिजनच्या उणे १८३ अंशांच्या थंडीतही ती ठिसूळ होत नाही, म्हणून अग्निबाणांच्या पंपांतही तिचा उपयोग होतो. आपल्या देशातही ही जात तयार होते. १९७३ साली स्थापन झालेला हैदराबादचा मिश्र धातु निगम हा सरकारी कारखाना ती बनवितो.

आता भट्टीची गोष्ट. लोहार विळ्याला पाणी देतो हे आपण जाणतो. लाल पोलाद पाण्यात बुडविले की ते कडक होते. मग किंचित तापवून, रंग गवती पिवळा, जांभळा की निळा हे पाहून तो त्याचा ठिसूळपणा उतरवितो. या नव्या धातूचे शास्त्र उलटे आहे. सुमारे ९८० अंशांस तापवून झटकन थंड केले की ती मऊ पडते. याच अवस्थेत तिला बशीचा आकार देता येतो. मग तिला ७२० अंशांवर आठ तास ठेवावयाचे, तेथून तासाला ५५ अंशांच्या गतीने ६२० अंशांवर आणावयाचे आणि तेथे पुन्हा आठ तास ठेवावयाचे. एकूण १८ तास. या मंद आचेत निकेल व नायोबियम यांचे अतिसूक्ष्म कण धातूच्या पोटात जमतात आणि तिला बळ देतात. आच कमी पडली तर कण पुरेसे जमत नाहीत. फाजील झाली तर ते जाडेभरडे होतात आणि बळ उतरते. रंगावरून यातले काही कळत नाही.

२०२२ च्या पावसाळ्यात आमच्या भट्टीत ६०० चकत्यांचा एक लॉट होता. तेराव्या तासाला, रात्री, वीज गेली. जनित्र चालू होण्यास ४० मिनिटे लागली. भट्टी पुन्हा सुरू झाली, पण तापमानाची नोंद करणारे यंत्र बंदच राहिले. त्याची बॅटरी बदलावयाची राहून गेली होती, आणि ही चूक सर्वस्वी आमची होती. सकाळी पाहिले तो पाच तासांचा कागद कोरा. भट्टी त्या पाच तासांत किती उतरली, परत चढताना ६२० वर थांबली की पुढे गेली, हे सांगणारे काहीच हाती नव्हते.

चकत्या थंड झाल्यावर काठिण्य मोजले. ते मर्यादेत होते. मापेही बरोबर होती. माल पोचविण्याची तारीख चार दिवसांवर होती आणि उशिराबद्दल दंड ठरलेला होता. आमच्यातील तरुण मंडळी म्हणाली, काठिण्य आले आहे, तर हरकत कशाची? मागच्या लॉटचा तक्ता जोडला असता तर कोणास कळले नसते, हेही सर्वांच्या मनात येऊन गेले. ते आम्ही आपणांपासून लपवीत नाही.

आमचे थोरले चुलते, ज्यांना कारखान्यात सारे आबा म्हणतात, ते त्या वेळी भट्टीजवळ बसले होते. त्यांनी सारी हयात गावी ऐरणीवर काढली. इंग्रजी तक्ता त्यांना वाचता येत नाही. ते म्हणाले, "अरे, विळा बिघडला तर शेतकरी दुसऱ्या दिवशी दारात येऊन शिव्या देतो, आणि आपण तो नीट करून देतो. ही चकती बिघडली तर दारात कोण येणार आहे?"

त्यानंतर वाद झाला नाही. ग्राहकास त्याच दिवशी सर्व हकीकत लेखी कळविली. ९८० अंशांपासून सारी क्रिया नव्याने करण्याची परवानगी आम्ही मागितली. परंतु इतकी पातळ चकती त्या उष्णतेत पुन्हा गेली की वाकते व मापे बिघडतात, म्हणून ती मिळाली नाही. लॉट बाजूला काढला. पुढे आमच्याच समाधानासाठी त्यांतील बारा चकत्या कामाच्या उंचीवर दाबून १०० तास तापविल्या आणि मग त्यांचा जोर मोजला. बाराही उत्तम निघाल्या.

वडील सभासदांचा प्रश्न नेमका येथे आहे. बारा उत्तम, तर उरलेल्या ५८८ मोडीत का?

याचे उत्तर असे. जोर टिकतो की नाही हे पाहावयाचे, तर चकती तापवून दाबून ठेवावी लागते, आणि अशी कसोटी दिलेली चकती पुन्हा विकता येत नाही. म्हणजे जी तपासली ती विमानात जात नाही, आणि जी विमानात जाते ती तपासलेली नसते. काठिण्य मोजले तर आजचे बळ कळते. हजारो तासांच्या धगीनंतर ते उरेल की नाही हे कळत नाही. भट्टीच्या मधल्या ताटातील बारांनी कडेच्या ताटांतील शेकडोंची ग्वाही कशी द्यावी? म्हणूनच विमानोद्योगात उष्णता-संस्काराला विशेष प्रक्रिया मानतात. तिचे फळ नंतरच्या तपासणीने पूर्णपणे पारखता येत नाही. ती नेमाने झाली, एवढाच तिचा पुरावा असतो. तो पुरावा म्हणजे तापमानाचा तक्ता आणि त्याखालची सही. तक्ता कोरा असेल, तर बाराच काय, शंभर चकत्या उत्तम निघाल्या तरी उरलेल्यांविषयी आम्हांस काही ठाऊक आहे, असे म्हणण्याचा अधिकार आम्हांस राहत नाही. आम्ही सही केली असती, तर जे ठाऊक नाही ते ठाऊक आहे असे लिहून दिले असते.

कदाचित त्या ५८८ चकत्या चांगल्याच असतील. तसे असण्याचा संभव बराच आहे, हे आम्ही मान्य करतो. त्यांची किंमत आम्ही भरली, आणि तिचा काही भार दोन हप्त्यांच्या रूपाने आपणांवरही पडला. त्याबद्दल या सभेची आम्ही क्षमा मागतो. दोन्ही हप्ते पुढील वर्षी व्याजासह भरले गेले. नोंदयंत्राला आता दुसरी स्वतंत्र वीजसोय केली आहे, आणि नोंद थांबली की रात्रपाळीला घंटा वाजते. त्या ग्राहकाने पुढची मागणी पहिलीपेक्षा लहान दिली, पण दिली.

शेवटी एक विनंती. आपल्या मंडळाकडून दरवर्षी पदवीच्या शिक्षणास शिष्यवृत्त्या दिल्या जातात, त्यांचे महत्त्व आम्ही कमी करीत नाही. परंतु भट्टी चालविणारा, तक्ता वाचणारा आणि काठिण्य पारखणारा माणूस शोधावयास निघालो की आम्हांस ज्ञातीबाहेर जावे लागते. ज्या घराण्यांनी शतकानुशतके आगीचा रंग ओळखला, त्या घरांतील मुले आज भट्टीला हलके काम समजतात. उष्णता-संस्कार व धातुपरीक्षण शिकणाऱ्या दोन विद्यार्थ्यांस, मग ते मुलगे असोत की मुली, मंडळाने दरसाल साहाय्य द्यावे. त्यांतील एकाचा संपूर्ण खर्च आमच्या कारखान्याने सोसावा, असा ठराव आम्ही आज मंडळापुढे ठेवीत आहोत.

बाहेरच्या टेबलावर दोन चकत्या ठेवल्या आहेत. एक साध्या स्प्रिंग-पोलादाची आहे, दुसरी त्या मोडीतल्या लॉटमधील. मुलांनी जाताना अंगठ्याने दाबून पाहाव्यात. हाताला दोन्ही सारख्याच लागतील. त्यांच्यातील फरक काय आणि तो कसा ओळखावयाचा, हे ज्या मुलांना विचारावेसे वाटेल त्यांच्यासाठी आम्ही व आबा टेबलाजवळच थांबणार आहोत.